गळा आणि गल्ला

७ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर एक मढं उठून चालायला लागलं.

'क्लायमॅक्स!' या नव्या मालिकेचा तो पहिलाच भाग होता. रेमंड चँडलरच्या 'द लाँग गुडबाय' या कादंबरीवर बेतलेलं तासाभराचं नाटक. तेव्हाचं टीव्हीवरचं नाटक हे खरोखरच नाटक असे. नट स्टुडिओत बोलताहेत आणि त्याच क्षणी लोक ते घरात बसून बघताहेत. चूक झाली तर पुसायची सोय नाही. ट्रिस्ट्रम कॉफिन नावाचा नट मेलेल्याचं काम करत होता. (कॉफिन म्हणजे शवपेटी. हा विनोद माझा नाही, त्याचं आडनावच तसं होतं.) आपला प्रसंग संपला, कॅमेरा दुसरीकडे वळला, असं समजून तो पांघरुणाखालून उठला आणि निघाला. कॅमेरा वळलेला नव्हता. हजारो घरांतल्या लोकांनी मुडदा पडद्याबाहेर जाताना पाहिला.

त्या नाटकात गुप्तहेर फिलिप मार्लो झाला होता डिक पॉवेल. महिनाभरात तो पन्नाशीचा होणार होता. अमेरिकेतल्या मध्यमवयीन प्रेक्षकांना तो 'गाणारा गोड पोरगा' म्हणून आठवत होता, त्यांच्या धाकट्या भावंडांना खुनाच्या चित्रपटातला दाढी वाढलेला हेर म्हणून. आणि दोन वर्षांपासून तो एका कंपनीचा मालकही होता. तिच्या मालात मढी उठून चालत नसत, कारण तो माल जिवंत प्रक्षेपित होतच नसे. तो आधी फिल्मवर उतरवला जाई, कापला जाई, जोडला जाई, डब्यात भरला जाई. डबा मालकाच्या कपाटात राही.

आपल्याकडे हे नाव फार कुणाला ठाऊक नाही. हॉलिवूडच्या सुवर्णकाळावर लिहिताना आपण बोगार्ट, गेबल, कूपर यांच्यापाशी थांबतो. पॉवेल त्यांच्याइतका मोठा नट नव्हता, हे आधीच मान्य करून टाकतो. त्याला ऑस्करचं साधं नामांकनही कधी मिळालं नाही. पण आपल्या चेहऱ्याची मुदत कधी संपते हे वेळेवर ओळखणारे नट कुठल्याही चित्रसृष्टीत थोडेच असतात. पॉवेलनं ते दोनदा ओळखलं. आधी त्यानं गळा सोडला, मग चेहरा सोडला आणि गल्ला हातात घेतला.

त्याचा जन्म १४ नोव्हेंबर १९०४ चा, आर्कान्सा राज्यातल्या माउंटन व्ह्यू या डोंगराळ गावातला. पूर्ण नाव रिचर्ड युइंग पॉवेल. घरचे लोक पुढे लिटल रॉक शहरात आले. तिथं पोरगा चर्चमध्ये गायला लागला, वाद्यं वाजवायला शिकला आणि नाचगाण्याच्या बँडबरोबर फिरायला लागला. इंडियानापोलिसमध्ये चार्ली डेव्हिसच्या बँडमध्ये तो गाई. तिथून पिट्सबर्गला गेला. त्या काळी मोठ्या शहरांतल्या चित्रपटगृहांत बोलपटाच्या आधी रंगमंचावर गाणी, नकला, कसरती होत आणि हे सगळं बांधून ठेवायला एक हसतमुख सूत्रधार लागे. पॉवेल पिट्सबर्गमध्ये तो सूत्रधार होता आणि शहराचा लाडका होता. प्रेक्षकांशी थेट, गप्पा मारल्यासारखं बोलण्याची सवय त्याला तिथं लागली. तीस वर्षांनी टीव्हीवर तीच कामी आली.

वॉर्नर ब्रदर्सनं त्याला उचललं आणि १९३२ मध्ये 'ब्लेस्ड इव्हेंट'मध्ये बँडवाल्या गायकाचं काम दिलं. बोलपट नुकता बोलायला लागला होता आणि बोलता येतंय म्हटल्यावर तो आधी गायलाच लागला होता. त्याच वर्षी आपल्याकडे प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र होऊन गात होते. मराठी वाचकाला 'गायक नट' ही जात नवी नाही, त्यामुळे पॉवेलचं हॉलिवूडमधलं स्थान वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आधी गळा, मग दिसणं, अभिनय जमलाच तर जमला.

मग १९३३ साल उजाडलं. मंदीनं अमेरिका खचली होती. मार्चमध्ये नवे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशातल्या बँकाच काही दिवस बंद ठेवल्या, आणि त्याच महिन्यात वॉर्नरचा 'फॉर्टी सेकंड स्ट्रीट' झळकला. नाटक कंपनीतली मुख्य नटी ऐनवेळी पाय दुखावून बसते आणि कोरसमधली पोर तिच्या जागी उभी राहते, एवढीच गोष्ट. पण नृत्यं बसवली होती बझ्बी बर्कलीनं. त्यानं कॅमेरा थेट छताला नेला आणि वरून बघितलं तर पोरींच्या हातापायांची कमळं उमलताना दिसायला लागली. खिशात दमडी नसलेल्या लोकांनी तिकिटं काढली. त्याच वर्षात 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३' आणि 'फुटलाइट परेड' आले. तिन्हींत पॉवेल होता आणि तिन्हींत त्याच्यासमोर रूबी कीलर होती. या जोडीनं एकूण सात चित्रपट केले. कीलरला गाणं बेताचं येई आणि पॉवेलला नाचणं त्याहून बेताचं. दोघांचे गाल मात्र सारखेच गुबगुबीत होते. लोकांना एवढं पुरे होतं.

पॉवेलला पुरे नव्हतं. आज ते चित्रपट पाहताना एक गोष्ट खटकते. हा माणूस प्रत्येक चित्रपटात तोच आहे. कधी गीतकार, कधी सैनिकी शाळेतला कॅडेट, कधी नौदलातला, पण गणवेश बदलला तरी दात तेच, उंच सूर तोच. वॉर्नरनं एकदा हवापालट म्हणून त्याला मॅक्स राइनहार्टच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये (१९३५) लायसँडर केलं. शेक्सपिअरच्या ओळी त्याच्या तोंडी उपऱ्या वाटतात आणि ते त्यालाही कळत होतं.

तेव्हाचा स्टुडिओचा नट म्हणजे सालगडीच. फरक एवढाच की करार सालाचा नसून सात सालांचा असे आणि झोपडीऐवजी बंगला असे. मालक सांगेल ते काम करायचं. नाही म्हटलं तर बिनपगारी घरी बसायचं, आणि बसलेले दिवस कराराच्या शेवटी पुन्हा भरून द्यायचे. म्हणजे भांडण काढलं तर शिक्षा लांबायची. ही भरपाईची प्रथा मोडली ती १९४४ च्या डिसेंबरमध्ये. ऑलिव्हिया द हॅविलँडनं वॉर्नरवर दावा लावला होता आणि कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानं निकाल दिला की सात वर्षं म्हणजे पंचांगातली सात वर्षं. पॉवेलनं कोर्टाची पायरी चढली नाही. त्यानं करार संपू दिला, तिशीचं दशक सरता सरता वॉर्नर सोडलं आणि पॅरामाउंटला गेला. तिथं प्रेस्टन स्टर्जेसच्या 'ख्रिसमस इन जुलै'मध्ये (१९४०) त्याला एक छान भूमिका मिळाली. कॉफीच्या जाहिरात-स्पर्धेत आपल्याला पंचवीस हजार डॉलर मिळाले असं समजून बसलेल्या कारकुनाची. त्यात तो गात नाही. बघणाऱ्याला पहिल्यांदाच शंका येते की या गालांमागे काहीतरी आहे.

पॅरामाउंटला ती शंका आली नाही. बिली वाइल्डर 'डबल इन्डेम्निटी'ची जुळवाजुळव करत होता. बाईच्या नादानं खून करणाऱ्या विमा एजंटाची ती भूमिका पॉवेलनं मागितली. मिळाली फ्रेड मॅकमरेला. गंमत अशी की मॅकमरेही हलक्याफुलक्या विनोदी कामांचाच नट होता. म्हणजे 'गोड माणसाला काळं काम द्यायचं' ही कल्पना पॅरामाउंटला मान्य होती, फक्त तो गोड माणूस पॉवेल नव्हता. पॉवेलनं पॅरामाउंट सोडलं.

आता तो चाळिशीला आला होता. पोरगेला नायक चाळिशीत पोरगेला राहत नाही, हसण्यावारी जातो. आर.के.ओ. ही मोठ्या कंपन्यांतली त्यातल्या त्यात अशक्त कंपनी. तिला नावाचा नट हवा होता आणि पॉवेलला न गाणारी भूमिका. सौदा असा जुळला. आर.के.ओ.च्या कपाटात चँडलरच्या 'फेअरवेल, माय लव्हली' या कादंबरीचे हक्क पडून होते, अवघ्या दोन हजार डॉलरांत घेतलेले. एकदा त्यांनी त्यातली गोष्ट 'फाल्कन' नावाच्या दुसऱ्याच हेराच्या स्वस्त मालिकेत वापरूनही टाकली होती. आता निर्माता एड्रियन स्कॉट, पटकथाकार जॉन पॅक्स्टन आणि दिग्दर्शक एडवर्ड डमीट्रिक यांनी ती नव्यानं करायला घेतली आणि मार्लो म्हणून पॉवेलला उभं केलं. पडद्यावर फिलिप मार्लो स्वतःच्या नावानं पहिल्यांदा अवतरला तो असा, एका माजी कोरस-नायकाच्या अंगावर.

त्या चित्रपटाचा आरंभ अजूनही अंगावर येतो. मार्लोच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली आहे, पोलीस त्याला घेरून बसलेत आणि तो आपली कहाणी सांगतोय. मग मागचा प्रसंग. रात्र, रिकामी कचेरी, खिडकीबाहेर जाहिरातीचा दिवा लागतोय, विझतोय. दिवा पेटला की काचेत मार्लोच्या मागे एक अवाढव्य माणूस दिसतो. माइक मझुर्की हा कुस्तीगीर नट साडेसहा फुटांच्या आतबाहेरचा. पॉवेल त्याच्यापुढे किरकोळ दिसतो, आणि त्यातच डमीट्रिकचं शहाणपण आहे. पुढे बोगार्टनं केलेला मार्लो कुणाला घाबरत नाही. पॉवेलचा मार्लो मार खातो, गुंगीचं औषध टोचल्यावर भिंतीला धरून चालतो, पैशाची चणचण लपवत नाही आणि भीती वाटली की विनोद करतो. जे काही नाटकी नाही ते त्याला सहज येतं, हे दहा वर्षं कुणी पाहिलंच नव्हतं. माझं मत विचाराल तर बोगार्टचा मार्लो बघायला जास्त मजा येते, विश्वास बसतो तो पॉवेलच्या मार्लोवर.

चित्रपट १९४४ च्या अखेरीस 'फेअरवेल, माय लव्हली' याच नावानं काही ठिकाणी लागला. लोकांना वाटलं, डिक पॉवेल आणि असलं हळवं शीर्षक, म्हणजे नक्की गाण्यांचा चित्रपट. कंपनीनं घाईघाईनं नाव बदलून 'मर्डर, माय स्वीट' केलं. खून हा शब्द शीर्षकात घातल्यावरच लोकांना कळलं की हा गाणार नाहीये.

मग त्याच धर्तीचे चित्रपट रांगेनं आले: 'कॉर्नर्ड', 'जॉनी ओक्लॉक', 'पिटफॉल', 'क्राय डेंजर'. यातला 'पिटफॉल' (१९४८) मला सगळ्यांत आवडतो. त्यात तो हेरही नाही. बायकोमुलाला, नोकरीला, रोजच्या त्याच रस्त्याला कंटाळलेला विमा कंपनीतला माणूस. एकदा पाय घसरतो आणि सगळा संसार त्याची किंमत मोजतो. 'डबल इन्डेम्निटी'त न मिळालेली विमा कंपनी त्याला इथं मिळाली, असं म्हणायला हरकत नाही. त्याला वर आणणाऱ्या डमीट्रिक आणि स्कॉट यांचे दिवस मात्र वाईट आले. १९४७ मध्ये कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीपुढे उत्तरं नाकारणाऱ्या दहा जणांत ते दोघे होते. दोघेही तुरुंगात गेले.

रेडिओवर तर पॉवेलनं दोन्ही जन्म एकत्र नांदवले. १९४९ पासून त्याची 'रिचर्ड डायमंड, प्रायव्हेट डिटेक्टिव्ह' ही मालिका सुरू झाली. लिहिणारा होता ब्लेक एडवर्ड्स, पुढे 'पिंक पँथर' चित्रपटांमुळे जगाला माहीत झालेला. डायमंड दिवसभर गुंडांशी मारामारी करी आणि भागाच्या शेवटी मैत्रिणीच्या घरी पियानोपाशी बसून गाणं म्हणे. गळा सोडला होता, विकून टाकला नव्हता.

मधल्या काळात हॉलिवूडच्या पायाखालची जमीन सरकली होती. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या स्टुडिओंविरुद्ध निकाल दिला. चित्रपट बनवणाऱ्यांनीच चित्रपटगृहंही ताब्यात ठेवायची हा मक्ता मोडायला लागला. त्याच सुमारास लोक घरी बसून टीव्ही बघायला लागले. स्टुडिओंचा पवित्रा शहामृगाचा होता. टीव्हीला आपले चित्रपट द्यायचे नाहीत, आपले नट द्यायचे नाहीत, पडद्यावरच्या घरातही टीव्हीचा संच दिसू द्यायचा नाही. बड्या नटांनाही टीव्हीवर जाणं म्हणजे गावजत्रेत उभं राहण्यासारखं वाटे.

टीव्ही तेव्हा न्यूयॉर्कहून जिवंत चाले. दूरच्या गावांसाठी पडद्यावरच्या चित्राचंच पुन्हा चित्रण करून धूसर प्रती पाठवत. कार्यक्रम संपला की संपला. १९५१ मध्ये ल्युसिल बॉल आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांनी 'आय लव्ह ल्युसी' थेट फिल्मवर चित्रित करायला सुरुवात केली आणि फिल्मची मालकी स्वतःकडे ठेवली. वाहिनी पैसे देते ते दाखवण्याच्या परवानगीचे. निगेटिव्ह राहते बनवणाऱ्याकडे. वर्षभरानं तोच भाग पुन्हा दाखवता येतो, मग सुट्या केंद्रांना शहरागणिक विकता येतो, मग परदेशात. आपल्याकडे शिळ्या कढीला ऊत आला की नाकं मुरडतात. तिथं त्याच कढीवर माड्या चढल्या.

पॉवेलला हा हिशेब फार लवकर उमगला. १९५२ मध्ये त्यानं शार्ल बॉयर आणि डेव्हिड निव्हन यांना बरोबर घेऊन कंपनी काढली. एक अमेरिकन, एक फ्रेंच, एक इंग्रज. तिघेही पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे. तिघांनाही आता चित्रपटांत पहिलं नाव मिळण्याची खात्री राहिली नव्हती. कल्पना सोपी होती. दर वेळी वेगळी गोष्ट आणि चार तारे आळीपाळीनं नायक. म्हणून कंपनीचं नाव 'फोर स्टार'. चौथा तारा मात्र टिकेना. ठरलेली नावं मागे हटली आणि शेवटी आयडा लुपिनो आली. ती स्वतः दिग्दर्शिका होती, त्या काळी हॉलिवूडमध्ये दिग्दर्शन करणारी जवळजवळ एकटी बाई. कार्यक्रमाच्या नावातला चौथा तारा ती झाली, पण कंपनीत तिचा हिस्सा नव्हता. चार ताऱ्यांच्या दुकानाचे मालक तीनच. पॉवेलच्या दूरदृष्टीचं कौतुक करताना हेही सांगायला हवं.

'फोर स्टार प्लेहाउस' २५ सप्टेंबर १९५२ ला सीबीएसवर सुरू झालं. एक प्रायोजक होती सिंगर कंपनी. होय, आपल्या आज्यांच्या माजघरात होतं तेच शिवणयंत्र. अर्ध्या तासाची गोष्ट, चार वर्षं, १२९ भाग. पॉवेलचा त्यातला आवडता अवतार म्हणजे विली डँटे, हॉटेलच्या मागच्या खोलीत जुगार चालवणारा सभ्य इसम. अर्ध्या तासाचा चित्रपट दोन-तीन दिवसांत उरकावा लागे. बॉयरसारख्या माणसानं, ज्यानं ग्रेटा गार्बोसमोर नेपोलियन केला होता, त्यानं ही धावपळ का सोसावी? कारण पगाराऐवजी वाटा होता. सालगडी आता खातेफोड करून बसला होता.

कंपनीचा गाडा ओढला तो पॉवेलनंच. बॉयर आणि निव्हन अधूनमधून येत, काम करत आणि युरोपात चित्रपटांसाठी निघून जात. पॉवेल कचेरीत असे. पटकथा वाचणं, प्रायोजकांना पटवणं, नवे लोक हेरणं हे सगळं त्याच्याकडे. १९५६ मध्ये त्यानं 'झेन ग्रे थिएटर' सुरू केलं. दर आठवड्याला काउबॉयची एक स्वतंत्र गोष्ट आणि सुरुवातीला तो स्वतः येऊन चार शब्द बोलणार. पिट्सबर्गचा सूत्रधार पुन्हा कामाला लागला. ते चार शब्द लिहून देणारा एक फाटका पोरगा होता, अभिनयात फारसं जमत नसलेला. नाव ॲरन स्पेलिंग. पुढे अमेरिकन टीव्हीवरचा सगळ्यांत भरघोस निर्माता झाला तोच हा.

'झेन ग्रे' ही खरी रोपवाटिका होती. एखादी गोष्ट लोकांना आवडली की तिची वेगळी मालिका करायची. 'ट्रॅकडाउन' अशीच निघाली. १९५८ मध्ये सॅम पेकिनपानं लिहिलेल्या एका गोष्टीतून 'द रायफलमन' निघाली. विधुर बाप, लहान मुलगा आणि बंदूक. ती पाच वर्षं चालली. 'ट्रॅकडाउन'च्या एका भागात इनामासाठी गुन्हेगार पकडणारा माणूस दाखवला, त्याला लगेच स्वतःची मालिका मिळाली: 'वाँटेड: डेड ऑर अलाइव्ह'. तो माणूस होता स्टीव्ह मॅक्वीन. रेडिओवरचा रिचर्ड डायमंडही टीव्हीवर आणला, पण तिथं पॉवेलनं स्वतः काम केलं नाही. तरुण डेव्हिड जॅन्सनला उभं केलं. डायमंडला टेलिफोनवरून निरोप देणाऱ्या मुलीचे फक्त पाय दिसत आणि आवाज ऐकू येई. पहिल्यांदा ते पाय होते मेरी टायलर मूरचे. आपल्याच भूमिकेत दुसऱ्याला बसवणं कुठल्याही नटाला जड जातं. मालकाला ते जमतं.

चित्रपटांतला अभिनय त्यानं १९५४ च्या 'सुझन स्लेप्ट हिअर'नंतर थांबवला. तो चित्रपट सांगतो कोण, तर कपाटावर ठेवलेला ऑस्करचा पुतळा. पॉवेलला ऑस्कर इतक्या जवळून पुन्हा भेटला नाही.

आता जे सांगायचं आहे ते टीव्हीच्या गोष्टीत नीट बसत नाही, पण टाळता येत नाही.

पॉवेल दिग्दर्शनाकडेही वळला होता. पहिला चित्रपट 'स्प्लिट सेकंड' (१९५३). तुरुंग फोडून पळालेले कैदी काही जणांना ओलीस धरून नेवाडाच्या वाळवंटातल्या ओस गावात दडतात, आणि त्या गावावर सकाळी अणुबाँबची चाचणी व्हायची असते. नेटका, घड्याळाच्या टिकटिकीवर चालणारा चित्रपट आहे. त्याच वर्षी खऱ्या नेवाडात अकरा अणुचाचण्या झाल्या. १९ मे रोजी उडवलेल्या 'हॅरी' नावाच्या बाँबची राख वाऱ्यानं पूर्वेकडे युटा राज्यातल्या सेंट जॉर्ज गावावर आणली. सरकारनं लोकांना घाबरू नका म्हणून सांगितलं.

पुढच्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पॉवेल याच सेंट जॉर्जच्या परिसरात आपलं दुसरं, अतिभव्य चित्र काढायला गेला. आर.के.ओ.चा तेव्हाचा मालक हॉवर्ड ह्यूज याच्या पैशानं. चित्रपट 'द काँकरर', नायक चेंगीझखान, आणि चेंगीझखानाच्या भूमिकेत जॉन वेन. मिश्या खाली ओघळलेल्या, डोळे बारीक केलेले, आणि तोंडी जुनी अलंकारिक इंग्रजी टेक्सासच्या गुराख्याच्या ढंगात. अशी गोष्ट सांगतात की पॉवेल ती संहिता केराच्या टोपलीत टाकणार होता, तेवढ्यात वेननं ती उचलली आणि हट्टच धरला. दिग्दर्शकाची जबाबदारी या गोष्टीनं कमी होत नाही. तिथल्या मूळ रहिवासी पायूट लोकांना मंगोल सैनिक म्हणून घोड्यावर बसवलं. उकाडा भयंकर, धूळ त्याहून. लढायांच्या चित्रणात पंखे लावून ती धूळ आणखी उडवली. परतल्यावर स्टुडिओतली जमीन जुळावी म्हणून तिथली साठएक टन लाल माती मालमोटारींतून हॉलिवूडला आणली.

१९५६ मध्ये चित्रपट आला आणि लोकांनी भलत्या ठिकाणी हसायला सुरुवात केली. ह्यूजनं पुढे त्याच्या प्रती विकत घेऊन वर्षानुवर्षं स्वतःजवळ कोंडून ठेवल्या. हसू विरलं ते नंतर. पेद्रो आर्मेंदारिस या नटाला कर्करोग झाला आणि त्यानं १९६३ मध्ये स्वतःवर गोळी झाडली. ॲग्नेस मूरहेड १९७४ मध्ये गेली, नायिका सुझन हेवर्ड १९७५ मध्ये, वेन १९७९ मध्ये, सगळी कर्करोगानं. 'पीपल' साप्ताहिकानं १९८० मध्ये मोजदाद छापली. युनिटमधल्या २२० जणांपैकी ९१ जणांना कर्करोग झाला होता. हा आकडा फार फिरवला जातो, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. यातले बरेच जण सिगारेटी ओढत, वेन आणि पॉवेल तर भरपूर. एखाद्याचा कर्करोग धुरातून आला की धुळीतून हे सांगता येत नाही. सेंट जॉर्जच्या लोकांना मात्र राखेनं आजार दिले हे अमेरिकन सरकारनं १९९० मध्ये कायदा करून भरपाईसकट मान्य केलं. त्यांच्यावर कुणी चित्रपट काढला नव्हता, म्हणून त्यांची यादी साप्ताहिकांत आली नव्हती.

पॉवेलचा दिग्दर्शक म्हणून चांगला चित्रपट हवा असेल तर 'द एनिमी बिलो' (१९५७) बघावा. अमेरिकन युद्धनौका आणि जर्मन पाणबुडी, दोन थकलेले कप्तान, समुद्राचा बुद्धिबळाचा पट. यात आरडाओरडा नाही.

१९६१ मध्ये एनबीसीवर तासाभराचा 'डिक पॉवेल शो' सुरू झाला. पुन्हा दर आठवड्याला वेगळी गोष्ट, पुन्हा तोच सूत्रधार, केस पिकलेला, सूट चोख. यातल्या 'द प्राइस ऑफ टोमॅटोज' या भागातल्या ट्रकवाल्याच्या कामाबद्दल पीटर फॉकला एमी पुरस्कार मिळाला. त्याला हेर म्हणून गाजवणारी 'कोलंबो' ही मालिका अजून बरीच लांब होती. पहिल्या भागात पॉवेल स्वतः नायक होता. रोल्स रॉइसमधून गुन्ह्याच्या जागी येणारा कोट्यधीश पोलीस अधिकारी एमॉस बर्क. दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला, १९६२ च्या सप्टेंबरमध्ये, आपल्याला कर्करोग झाल्याचं त्यानं जाहीर करून टाकलं. तेव्हा हा शब्द मोठ्यानं उच्चारायची रीत नव्हती. तो काम करत राहिला.

२ जानेवारी १९६३ ला तो गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्याच दिवशी, त्याच आजारानं, जॅक कार्सन हा चित्रपट-टीव्हीवरचा आणखी एक लोकप्रिय नट वारला, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत दोघांचे फोटो छापून आले. पत्नी जून अ‍ॅलिसन मागे राहिली, मुलं राहिली आणि कपाटभर डबे राहिले. कार्यक्रमाचं नाव बदलून 'डिक पॉवेल थिएटर' केलं गेलं. आठवड्याला एक तारा येऊन त्याच्या जागी सूत्रधार म्हणून उभा राहायचा. त्याच वर्षी एमीच्या विश्वस्तांनी त्याला मरणोत्तर पुरस्कार दिला. फोर स्टार मात्र पाहता पाहता ढेपाळली. वाहिन्यांनी मालिका बंद केल्या, नव्या विकल्या जाईनात. कंपनी म्हणजे मुख्यतः पॉवेलच होता हे सगळ्यांना तेव्हा दिसलं. पुढे मालकी हातोहात फिरत राहिली.

तरी एक मालिका त्याच वर्षी, १९६३ च्या सप्टेंबरमध्ये, एबीसीवर सुरू झाली आणि चांगली चालली. 'बर्क्स लॉ'. पॉवेलनं एकदाच केलेला तो रोल्स रॉइसमधला एमॉस बर्क आता जीन बॅरी करत होता. निर्माता होता ॲरन स्पेलिंग, आणि निगेटिव्ह फोर स्टारच्या कपाटात जमा होत होत्या.